अठरा मीटर चव्वेचाळीस

जळगाव, रविवार, १० नोव्हेंबर २०२४

वस्तुस्थिती आधी क्रमाने नोंदवते, मत नंतर.

मी पलक अभयकुमार सांखला. वय अठ्ठावीस, सांख्यिकीत पीएच.डी., येथील एका महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक. अकरा वर्षांपासून जिल्ह्याच्या महिला बेसबॉल संघाची पिचर. पिचर माउंडवर, म्हणजे मातीच्या लहानशा उंचवट्यावर, उभी राहते. तिच्यापासून अठरा मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटरवर होम प्लेट असते. प्लेटपाशी बॅटर आणि तिच्यामागे उकिडवी बसलेली कॅचर. चेंडू प्लेटवरून, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यातून गेला तर स्ट्राइक. बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइकना बॅटर बाद होते. चार बॉल झाले तर तिला न खेळता पहिला बेस मिळतो. बेस म्हणजे धावेच्या वाटेवरचे तीन थांबे; तिन्ही भरलेले असताना आणखी एकीला बेस मिळाला तर सगळ्या एकेक पुढे सरकतात आणि एक धाव होते. या वहीपुरते एवढे नियम पुरेत.

गेल्या फेब्रुवारीच्या अकरा तारखेला विभागीय अंतिम सामन्यात, शेवटच्या इनिंगमध्ये, आम्ही दोन धावांनी पुढे होतो. दोन बॅटर बाद झाल्या होत्या आणि बेस रिकामे होते. एकच बॅटर बाद करायची राहिली होती. मी लागोपाठ पाच बॅटरना फुकट बेस दिला. एकवीस चेंडू, त्यांतली स्ट्राइक एक. पहिल्या तिघींनी बेस भरले. पुढच्या दोघींमुळे दोन धावा गेल्या आणि बरोबरी झाली. सहाव्या बॅटरपूर्वी आमचे प्रशिक्षक पितांबर सर यांनी मला बाहेर बोलावले. माझ्या जागी आलेल्या दिपमालाच्या पहिल्याच चेंडूवर फटका बसला आणि सामना संपला.

तेव्हापासून समोर बॅटर नसेल तर माझे साठांतले पन्नासहून अधिक चेंडू अचूक पडतात. बॅटर उभी राहिली की चेंडू सोडण्याच्या क्षणी बोटे माझी राहत नाहीत. अस्थितज्ज्ञांच्या मते खांदा, कोपर व मनगट निर्दोष आहेत. अहवाल फाइलमध्ये लावला आहे.

काल सरांनी अंतिम मुदत दिली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात धुळ्याला विभागीय स्पर्धा आहे. तोवर हे सुटले तर पहिली पिचर मी. न सुटल्यास दिपमाला. आणि मग यापुढे माझे नाव संघात नसेल. हातात आठ आठवडे आहेत.

आता मत. बिघाड यांत्रिक आहे. जे मोजता येते ते दुरुस्त करता येते. ‘मन’ हा शब्द लोक मोजमाप टाळण्यासाठी वापरतात.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आमच्या घरात चामडे उंबऱ्याच्या आत येत नाही. पप्पांचा कमरपट्टादेखील कापडी आहे. बेसबॉलचा चेंडू व मिट, म्हणजे चेंडू झेलायचा हातमोजा, दोन्ही चामड्याचे; त्यामुळे माझे साहित्य कायम परक्या घरी राहत आले. गेली चार वर्षे ते सादियाकडे असते. सादिया आमची कॅचर. वय बावीस, बी.पी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचे वडील सरदार चाचा कापूस पिंजून गाद्या-रजया भरतात. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी माझ्यासाठी एक जुनी गादी भिंतीला टांगली आहे. तिच्यावर मी शिंप्याच्या खडूने स्ट्राइकचा चौकोन आखला आहे. आज गादीवर साठपैकी चोपन्न.

मग मैदानावर रूपा बॅट घेऊन उभी राहिली. ती तिसऱ्या बेसवर खेळते, बारावीत आहे आणि कशालाही नाही म्हणत नाही. साठपैकी एकतीस.

सादियाच्या वर्तनाविषयी एक नोंद. ती अखंड बोलते. मी हात मागे नेला की हिचे सुरू.

“दीदी, काल अम्मीने भरताचं वांगं गॅसवर ठेवलं आणि फोनवर बसली. अब्बा म्हणाले, हे खायचं आहे की दातांना लावायचं?”

मी वांगी खात नाही हे तिला ठाऊक आहे. तो चेंडू स्ट्राइक गेला, हा योगायोग. प्रतिभा आहे, शिस्त नाही. आपल्याकडचे नेहमीचे चित्र.

रविवार, १७ नोव्हेंबर

सरावाची चौदा कलमी नियमावली तयार करून सादियाला दिली. कलम तीन, मिट हलवण्याबाबत. कलम सहा, संकेतांबाबत. कलम नऊ असे: ‘सराव व सामना सुरू असताना कॅचरने अनावश्यक बोलू नये.’

तिने उभ्याउभ्याच सगळे वाचले.

“दीदी, शिंक आली तर?”

“शिंक म्हणजे बोलणे नव्हे.”

“आणि साप दिसला तर?”

“ते आवश्यक.”

तिने सही केली. तिची सही वाचता येते, हे एक बरे.

पितांबर सर शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक आहेत. एरवी शुद्ध बोलतात. राग आला की अमळनेरकडच्या गावची बोली बाहेर पडते. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “पलक, तू चेंडू फेकी नही ऱ्हायनी, पेपर तपासी ऱ्हायनी.”

मी सांगितले की पेपरही मी चोख तपासते. सरांचे शिक्षण जुन्या पद्धतीचे आहे.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

पूर्ण शांततेत सराव. सादियाने एक शब्द उच्चारला नाही. साठपैकी एकोणीस. पश्चिमेकडून वारा होता. नव्या चेंडूची शिवणही जरा वर आलेली वाटली.

रविवार, २४ नोव्हेंबर

वारा नव्हता. चेंडू जुना होता. चौदा.

शेवटचा, साठावा चेंडू रूपाच्या बरगडीवर बसला. ती खाली बसली आणि म्हणाली, “काही नाही झालं ताई, काही नाही झालं.” हे ती चार वेळा म्हणाली आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. हाड मोडलेले नाही. मी स्वतः दवाखान्यात नेऊन खात्री केली. तिच्या आईने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि काहीही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

सरांनी संध्याकाळी फोन केला. बोलीत बोलले नाहीत. म्हणजे रागावलेले नव्हते, ठरवून बोलत होते. “धुळ्याला पहिली पिचर दिपमाला. तू संघासोबत ये. पुढचं तिथं पाहू.”

मी “ठीक आहे, सर” म्हणाले. फोन ठेवून आजच्या स्ट्राइक पुन्हा मोजल्या. चौदाच.

आणखी एक. रूपा खाली बसली तेव्हा सादिया मास्क काढून माझ्याजवळ आली, तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. कलम नऊचे तिने काटेकोर पालन केले, हे मान्य करावे लागेल.

बुधवार, २७ नोव्हेंबर

मम्मी रोज सकाळी सामायिकाला, म्हणजे आम्हा जैनांच्या ध्यानाला, बसते. अठ्ठेचाळीस मिनिटे, एका जागी, समभावात. लहानपणापासून पाहते आहे. आजवर तिला हलताना पाहिलेले नाही. आज ती उठल्यावर मी विचारले की मन इतका वेळ स्थिर कसे राहते.

आसन घडी करत ती म्हणाली, “कुणाचं?”

“तुझं.”

“चौतीस वर्षं बसते गं. मन एक दिवस बसलं नाही. आज सगळा वेळ कुकरच्या रिंगमध्ये होतं. घट्ट झाली आहे ती.”

“मग बसतेस कशाला?”

“बसायचं असतं म्हणून. ते हिंडून येतं. मी जागेवर असते.”

मम्मीला, म्हणजे चंद्रकांता सांखला यांना, अख्खा समाज धर्मनिष्ठ म्हणून ओळखतो. मला हे ऐकून थोडा धक्का बसला. पद्धत म्हणून यात घेण्यासारखे काही नाही.

रविवार, १ डिसेंबर

समुपदेशकांकडे गेले. माहितीपत्रकात शुद्धलेखनाच्या अकरा चुका. त्यांनी मला डोळे मिटून समुद्रकिनारा आठवायला सांगितले. मी जळगावची आहे. मेहरूण तलाव आठवला आणि घरी आले.

गुरुवार, ५ डिसेंबर

चेंडू आणायला दुकानी गेले. सादिया कॉलेजला गेली होती. थंडीचे दिवस, रजयांचा हंगाम. सरदार चाचा कापसाच्या ढिगात गुडघाभर उभे होते. मला पाहून त्यांनी स्टुलावरचा कापूस झटकला.

“बसा, मॅडम. एक विचारू? आमची पोरगी आजारी आहे का?”

“नाही. का?”

“घरी पण बोलत नाही. दहा-बारा दिवस झाले. तिची अम्मी जरीना म्हणाली, कुणी नजर लावली. मी विचारलं तर म्हणते, अब्बा, प्रॅक्टिस चालू आहे. मी म्हटलं कसली? तर म्हणते, न बोलण्याची.” ते हसले आणि लगेच थांबले. “नियमावली कपाटाला चिकटवली आहे तिनं. रोज वाचते. मॅडम, हे बेसबॉलमध्ये लागतंच का?”

मी सांगितले की एकाग्रता अत्यावश्यक असते. त्यांनी मान डोलावली. कापूस केसांत अडकलेला असताना माणूस फार गंभीर दिसू शकत नाही, तरी ते दिसत होते.

निघताना त्यांनी एक वस्तू दिली: कापूस भरून आडव्या-उभ्या टाक्यांनी शिवलेली बिनबाह्यांची बंडी. “त्या रूपाबेटीला द्या. जर्सीच्या आतून घालायला सांगा. आता बसला तरी गादीवर बसेल.”

टाके अत्यंत समान अंतरावर आहेत. मी मोजले.

रविवार, ८ डिसेंबर

रूपा बंडी घालून उभी राहिली. पिशवीएवढी फुगली होती. तिचे तिलाच हसू येत होते.

मी पहिला चेंडू टाकण्यापूर्वी सादियाने हात वर केला, वर्गात करतात तसा.

“दीदी, एक आवश्यक विचारू?”

“आवश्यक असेल तर.”

“प्रमाण विचलन म्हणजे काय हो? पेपर आहे जानेवारीत. आमच्या सरांनी शिकवलं, पण डोक्यावरून गेलं.”

कलम नऊ अनावश्यक बोलण्यापुरते आहे; ज्ञानाला त्याची आडकाठी नसावी. मी सांगितले: निरीक्षणे सरासरीपासून सर्वसाधारणपणे किती दूर विखुरली आहेत, त्याचे माप. आणि चेंडू टाकला.

“म्हणजे?”

“समज, दोन दुकाने आहेत. दोन्हींत दिवसाला सरासरी दहा गाद्या भरल्या जातात.” चेंडू. “एकात रोज नऊ, दहा, अकरा.” चेंडू. “दुसऱ्यात एक दिवस शून्य, एक दिवस वीस.” चेंडू. “सरासरी तीच, पण दुसऱ्याचा भरवसा नाही. तो भरवसा मोजायचा.”

“मग वर्ग कशाला करायचा?”

मी कारण सांगितले. तिने पुन्हा विचारले. मी वेगळ्या तऱ्हेने सांगितले. सराव संपला तेव्हा मी वर्गमुळापर्यंत आले होते.

साठपैकी चव्वेचाळीस.

व्हिडिओवरून कोपराचा कोन मोजला: चौऱ्याण्णव अंश. याआधी तो एक्क्याण्णव होता. बिघाड सापडला.

रविवार, १५ डिसेंबर

सत्तेचाळीस. चौऱ्याण्णव अंशांचा सिद्धान्त टिकतो आहे.

सादियाची आकलनशक्ती मात्र चिंताजनक आहे. प्रमाण विचलन सहा वेळा समजावले. दर वेळी ती कुठून तरी नवी शंका काढते. शंका मूर्खपणाच्या नसतात, पण संपत नाहीत. आज दिपमालाही वही घेऊन पहिल्या बेसमागे येऊन बसली.

पितांबर सर तोंडापुढे मिट धरून उभे होते. मी म्हटले, “सर, हिला पदवी कशी मिळाली?”

ते मिटाआडून म्हणाले, “शिकाड तिले, शिकाड. भलती ढ शे ती.”

मग शुद्ध मराठीत सांगितले की धुळ्याला पहिली पिचर मी. दिपमालाने टाळी दिली. तिच्या जागी मी असते तर देऊ शकले नसते. हे लिहून ठेवते.

रविवार, २२ डिसेंबर

चेंडू घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या काचेच्या कपाटावर लॅमिनेट केलेला नवा कागद दिसला. सादियाची पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, गेल्या मे महिन्याची. ‘मापन, मूल्यमापन व सांख्यिकी’ या विषयात शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी.

सरदार चाचा म्हणाले, “कॉलेजात दुसरी आली त्यात. वाचता नाही येत मला, पण आकडा तर दिसतो ना.”

मी या विसंगतीचा बराच विचार केला. दोन शक्यता दिसतात. एक, ती गुणसुधारणेसाठी पुन्हा बसत असावी. दोन, विद्यापीठाचे मूल्यमापन इतके ढिसाळ झाले आहे की प्रमाण विचलन न समजलेल्या मुलीस अठ्ठ्याऐंशी गुण पडतात. दुसरी शक्यता अधिक संभवनीय. अभ्यास मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय मांडावा.

आज एकोणपन्नास.

धुळे, शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

एसटीने आलो. पारोळ्यापर्यंत रूपा गात होती, पुढे झोपली. उतरण्याची सोय एका धर्मशाळेत आहे. साडेपाचला जेवण मिळाले, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी आटोपले. मैदान पाहून आले. माउंडची उंची योग्य. प्लेटपर्यंतचे अंतर टेपने मोजले: अठरा मीटर त्रेचाळीस. आयोजकांना सांगून एक सेंटिमीटर सरकवून घेतले. ते माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होते.

झोप येईल असे वाटत नाही.

शनिवार, ४ जानेवारी

उपांत्य सामना जिंकलो, सात-एक. सादियाने पाच इनिंग सहसंबंध गुणांक विचारला. पंचांनी एकदा थांबवून विचारले की हे काय चालले आहे. ती म्हणाली, “सर, ट्यूशन.”

रविवार, ५ जानेवारी

क्रमाने लिहिते, कारण एरवी लिहिता येणार नाही.

अंतिम सामना. शेवटची इनिंग. आम्ही चार, त्या दोन. दोघी बाद. बेस रिकामे. फेब्रुवारीत होती तीच स्थिती, आणि ती ओळखताक्षणी बोटे गेली. पहिल्या बॅटरला चार बॉल. दुसरीला चार. सादिया मागून काहीतरी विचारत होती. मला ऐकू येत होते आणि अर्थ लागत नव्हता. तिसरीला एक स्ट्राइक, मग चार बॉल. बेस भरले. मी कोपराकडे पाहिले. कोन चौऱ्याण्णवच असावा. कोनाने काही फरक पडत नव्हता.

सर उठून उभे राहिले होते, पण रेषेच्या आत आले नाहीत. सादियाने पंचांकडे वेळ मागितला आणि मास्क डोक्यावर सरकवून माउंडवर आली.

“दीदी, ते प्रमाण विचलनाचं जरा...”

“तुला त्यात अठ्ठ्याऐंशी गुण आहेत.”

तिने बुटाने माती उकरली. “अब्बांनी दाखवलं?”

“कपाटावर चिकटवले आहे. दुकानात येणारे प्रत्येक गिऱ्हाईक पाहते. मग विचारत का होतीस?”

“तुम्ही शिकवायला लागल्या की हाताकडे बघत नाही.”

हे वाक्य माझ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला. अठ्ठावीस वर्षे मला वाटत आले की माझ्याइतके लवकर कुणाच्या काही लक्षात येत नाही.

“सरांना माहीत होते?”

“हो.”

“रूपाला?”

“तिला पण. अब्बांना पण.”

“म्हणजे मी सोडून सगळ्यांना.”

“दिपमालाला नव्हतं, दीदी. ती खरंच नोट्स काढत होती.”

मला हसू आले. भरलेल्या बेसांच्या मधोमध, धुळ्याच्या तीनएकशे लोकांसमोर. मग हसू थांबले, कारण दुसरी गोष्ट लक्षात आली.

“आता मला कळले आहे. आता तू विचारून उपयोग नाही.”

“नाहीच.”

“मग?”

“मग काय, टाका.” तिने मिटात मूठ मारली. “वाईट पडला तर मी आहे ना मागे. तेच तर काम आहे माझं. तुम्हाला वाटतं मी तिथं झेलायला बसते. झेलायला काय, गादी पण झेलते. मी सुटलेल्याच्या मागे पळायला बसते.”

पंच ओरडले. ती परत गेली.

मी चेंडू टाकला. तो प्लेटच्या दीड फूट अलीकडे मातीत आपटला, उसळला आणि सादियाच्या खांद्यावरून मागच्या जाळीपर्यंत गेला. तिसऱ्या बेसवरची मुलगी धावत आली. चार-तीन. बाकीच्या दोघी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. सादिया तोवर जाळीपाशी पोचलीही होती. चेंडू उचलून वळली होती, त्यामुळे दुसरी धाव निघाली नाही.

त्या क्षणी मला जे वाटले ते नीट मांडण्याचा प्रयत्न करते. लाज वाटेल अशी अपेक्षा होती. वाटले ते एवढेच: झाले. वर्षभर ज्या चेंडूच्या भीतीने माझा हात आखडत होता, तो चेंडू टाकून झाला होता. त्याचा नेमका परिणाम एक धाव इतका होता. प्रेक्षकांत कुणीतरी शेंगा खात होते आणि खातच राहिले. माझे मन कुठेतरी हिंडत होते. मी जागेवर होते.

सादियाने चेंडू माझ्याकडे फेकला. पुसलाही नव्हता.

दुसरा चेंडू, बॅटरने फटका मारला, तो रेषेबाहेर गेला: स्ट्राइक. तिसरा, बॅट हवेत फिरली: स्ट्राइक. चौथा मी टाकला तेव्हा मनात काही म्हणजे काही नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. मनात कुकरची रिंग होती, का ते माहीत नाही. चेंडू गुडघ्याच्या उंचीवर, प्लेटच्या बाहेरच्या कडेवरून गेला. बॅटर पाहत राहिली. पंचांनी मूठ वर केली.

रूपा तिसऱ्या बेसवरून धावत येऊन अंगावर आदळली. बंडी अजून आत होती, त्यामुळे कुणालाच लागले नाही. पितांबर सर आले, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “बठ्ठा पेपर तपासी झाया का?”

मी म्हटले, “हो, सर. बऱ्याच चुका निघाल्या.”

संध्याकाळी सरावाची वही काढली. स्तंभ सोळा: वारा, तापमान, चेंडूचे वय, कोपराचा कोन, झोपेचे तास. सादिया बोलत होती की गप्प होती, याचा स्तंभ नाही. बोलत होती तेव्हा एकतीस, चव्वेचाळीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास. गप्प होती तेव्हा एकोणीस आणि चौदा. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे संशोधन समोर ठेवले असते तर मी त्याला खोलीबाहेर काढले असते.

सादियाला विचारले की तीन आठवडे गप्प राहिलीस तेव्हा काय वाटत होते. ती मोजे वाळत घालत होती.

“सही केली होती ना मी.”

कलम नऊ रद्द केले. लेखी.

सोमवार, ६ जानेवारी

निघण्यापूर्वी स्पर्धेची स्कोअरशीट मागवून पाहिली. मी नेहमी पाहते. इतर कुणी पाहत नाही. शेवटच्या इनिंगमधील त्या चेंडूपुढे ‘पास्ड बॉल’ अशी नोंद आहे, सादियाच्या नावावर.

फरक साधा आहे. कॅचरने सहज अडवायला हवा होता असा चेंडू सुटला तर तो पास्ड बॉल, आणि चूक कॅचरची. पिचरने अडवता येणार नाही असा चेंडू टाकला तर ती वाइल्ड पिच, आणि चूक पिचरची. प्लेटच्या आधी जमिनीला लागून सुटलेला चेंडू नियमानेच वाइल्ड पिच ठरतो. तिथे मताला जागा नाही. राज्य संघासाठी कॅचरची निवड गुरुवारी आहे. निवड समिती सामना पाहत नाही, कागद पाहते. नाशिकच्या कॅचरच्या नावावर स्पर्धेत एकही पास्ड बॉल नाही. जागा एक आहे.

सादियाला दाखवले. ती म्हणाली, “राहू द्या, दीदी. जिंकलो ना.”

सर म्हणाले, “पोरी, सामना जिंकल्यावर भांडण काढणारी तू पहिलीच.”

स्कोअररना प्रत्यक्ष भेटले. ते सामानाची आवराआवर करत होते. म्हणाले, “मॅडम, तुमच्याच फायद्याची नोंद आहे. तुमचं रेकॉर्ड स्वच्छ राहिलं. बघू नंतर.”

स्वच्छ रेकॉर्डचा मोह मला नाही, असे लिहिणार होते. आहे. अकरा वर्षे जपले आहे. म्हणूनच अर्ज बसमध्ये बसण्यापूर्वी लिहिला, सचिवांच्या हाती दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. नक्कल येथे उतरवते.

प्रति,
सचिव, विभागीय महिला बेसबॉल स्पर्धा समिती, धुळे.

विषय: अंतिम सामन्याच्या स्कोअरशीटमधील चुकीच्या नोंदीबाबत.

महोदय,

दि. ५ जानेवारी रोजीच्या अंतिम सामन्यात, सातव्या इनिंगमध्ये, दोन बॅटर बाद व तिन्ही बेस भरलेले असताना मी टाकलेला चेंडू होम प्लेटच्या सुमारे दीड फूट अलीकडे जमिनीवर आदळला व त्यानंतर कॅचरला चुकवून मागे गेला. आमच्या राखीव खेळाडूने मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण सोबत जोडले आहे; त्यात आपटलेल्या ठिकाणची धूळ स्पष्ट दिसते. असा चेंडू कोणत्याही कॅचरला अडवणे शक्य नव्हते. उलट, कॅचरच्या तत्परतेमुळेच दुसरी धाव रोखली गेली, ही बाबही नोंदीस पात्र आहे.

तरीही सदर चूक कॅचर सादिया यांच्या नावावर लिहिण्यात आली आहे. ती माझी आहे. मी ती पूर्ण शुद्धीवर असताना, नियमाप्रमाणे मोजून घेतलेल्या अंतरावरून केली आहे आणि ती अन्य कुणाच्या नावावर राहणे मला मान्य नाही. आपल्या स्कोअररांनी ही नोंद माझ्या फायद्याची असल्याचे मला तोंडी सांगितले. चुका लिहिताना कुणाचा फायदा पाहू नये, अशी माझी नम्र सूचना आहे.

सबब, ‘पास्ड बॉल’ ही नोंद रद्द करून त्या जागी ‘वाइल्ड पिच, पिचर पलक सांखला’ अशी नोंद करावी. दुरुस्त स्कोअरशीट गुरुवारच्या बैठकीपूर्वी निवड समितीकडे पोहोचवावी. ही कार्यवाही झाल्याचे उत्तर बुधवार, दि. ८ जानेवारी रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत मला लेखी, सही-शिक्क्यानिशी मिळावे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही.